एकट्यानं बॉलरूममध्ये परतताना

टी डान्स, म्हणजे चहापाण्यासह दुपारचा नाच, दोनला सुरू होणार असेल तर पावणेदोनला पोहोचा. दीडला नको. तेव्हा दार उघडलेलं नसतं, आणि पावसात एकट्यानं उभं राहिलं की घरी परतायचे विचार सुरू होतात. सव्वादोनला तर मुळीच नको. तोवर खुर्च्या भरलेल्या असतात, पहिला वॉल्ट्झ सुरू झालेला असतो आणि दारात उभ्या असलेल्या नव्या माणसाकडे बघायला कुणाला सवड नसते. पावणेदोनला हॉलमध्ये चार-पाचच माणसं असतात. कुणी खुर्च्या मांडत असतं, कुणी चहाचं पाणी तापत ठेवलेलं असतं, कुणी गाण्यांचा क्रम लावत असतं. तुमच्याशी दोन शब्द बोलायला त्यांच्याकडे वेळ असतो, आणि रिकामं फ्लोअर तुम्हाला नीट बघता येतं.

मी लँकेशरमध्ये राहते. १९९६ पासून बारा वर्षं आम्ही नवरा-बायको दर गुरुवारी नाचायला जायचो. मग सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या. त्यांचं विस्मरण वाढत गेलं आणि संध्याकाळी त्यांना एकटं ठेवणं शक्य राहिलं नाही. त्या गेल्यानंतर यांच्या कानाचा त्रास सुरू झाला. दोन गिरक्या घेतल्या की तोल जातो, त्यामुळे त्यांचं नाचणं कायमचं थांबलं. २०१९ मध्ये, अकरा वर्षांनी, मी एकटी परत गेले. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनानं सगळे हॉल बंद झाले, म्हणून दीड वर्षानं पुन्हा एकदा तेच करावं लागलं. एकटीनं परत जायचा अनुभव मला असा दोनदा मिळाला. आता ओळखीतले कितीतरी जण विचारतात. कुणाचा जोडीदार गेलाय, कुणाचा घटस्फोट झालाय, कुणाच्या बायकोचे गुडघे दुखतात, कुणाची मुलं विद्यापीठात गेल्यामुळे संध्याकाळी रिकाम्या झाल्यात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सगळ्यांची पहिली भीती एकच असते, की स्टेप्स आठवणार नाहीत. तिची फार काळजी करू नका. २०१९ मध्ये परत गेले त्या दिवशी एका वयस्कर गृहस्थांनी मला वॉल्ट्झसाठी विचारलं. मनातल्या मनात मी वन-टू-थ्री म्हणत होते, पहिलं पाऊल कोणतं याची उजळणी करत होते. त्यांचा उजवा तळहात माझ्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर टेकला, त्यांची छाती बोटभर पुढे आली, आणि माझा उजवा पाय मागे गेलेलासुद्धा होता. विचार नंतर आला.

आपल्या शरीराच्या स्मरणाइतकाच यात या नृत्याच्या इतिहासाचाही वाटा आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतून नवं संगीत आलं, १९१९ मध्ये लंडनला हॅमरस्मिथ पॅले उघडलं, आणि जो तो आपल्याला सुचेल तसं नाचू लागला. तेव्हा ‘डान्सिंग टाइम्स’चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० मध्ये नृत्यशिक्षकांना एकत्र बोलावलं. पुढच्या दहा वर्षांत परिषदा होत गेल्या, नृत्यशिक्षकांच्या इंपीरियल सोसायटीनं १९२४ मध्ये बॉलरूमची वेगळी शाखा काढली, १९२९ च्या मोठ्या परिषदेत मूळ नाच आणि त्यांचे वेग ठरले. १९२२ चा विश्वविजेता व्हिक्टर सिल्व्हेस्टर यानं १९३५ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि काटेकोर लयीच्या त्याच्या रेकॉर्ड्‌स घरोघरी गेल्या. म्हणून तुम्ही १९९० मध्ये प्रेस्टनला शिकला असाल, सत्तरच्या दशकात मुंबईत शिकला असाल किंवा मडगावच्या लग्नांमध्ये काकाच्या हाताला धरून शिकला असाल, तुमचा वॉल्ट्झ अनोळखी माणसाच्या वॉल्ट्झशी जुळतो. तुम्ही नव्हता तेव्हा तो बदललेला नाही.

जे नेतात, म्हणजे बहुतेक वेळा पुरुष, त्यांना मात्र परतणं थोडं जड जातं. पुढची आकृती कोणती ते त्यांना ठरवायचं असतं, समोर कोण येतंय ते बघायचं असतं. त्यांनी प्रत्येक नाचात तीनच आकृत्या घेऊन जावं. क्विकस्टेपला क्वार्टर टर्न, नॅचरल टर्न आणि एक शासे, बस. तेवढ्यावर अख्खी दुपार निघते, आणि जोडीदाराला सुरक्षित वाटतं. आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरात रोज दहा मिनिटं रेडिओ लावून तेवढंच करा.

आता कुठे जायचं ते. इथे चूक झाली तर पहिलाच दिवस वाया जातो, म्हणून आधी फोन करा. कौन्सिलची कम्युनिटी सेंटरं, चर्चचे हॉल, वाचनालयातला सूचनाफलक आणि यू थ्री ए या चार ठिकाणी शोधलं की काहीतरी सापडतंच. निवृत्तांची यू थ्री ए ही चळवळ इथे १९८२ पासून आहे आणि तिच्या अनेक शाखांमध्ये नृत्याचे गट असतात. फोनवर पहिला प्रश्न विचारा, सिक्वेन्स आहे की बॉलरूम आणि लॅटिन? दोन्हीत फार फरक आहे. सिक्वेन्समध्ये सगळ्या जोड्या एकाच वेळी एकच ठरलेली, बहुधा सोळा बारची रचना गोल फिरत नाचतात, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आर्थर मॉरिस यांनी १९०० मध्ये बसवलेला वेलिटा अजून नाचला जातो. जाहिरातीत मेफेअर क्विकस्टेप, स्क्वेअर टँगो, रुंबा वन, सॅली अ‍ॅन चाचाचा अशी नावं दिसली की ते सिक्वेन्स समजा. लेझमीच्या पथकासारखंच आहे हे. सगळे उजवीकडे वळत असताना आपण डावीकडे वळलो तर ते दिसतं आणि मागच्यांची वाटही अडते. पण एकट्या माणसाला सिक्वेन्स सोपा जातो असं माझं ठाम मत आहे. पुढे काय हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे नेण्याचा भार कुणावर नसतो, दोन बायका सहज जोडी करतात, आणि चुकलात तरी साधारण अर्ध्या मिनिटात तीच जागा पुन्हा येते.

दुसरा प्रश्न, बरेच जण एकटे येतात का? ‘हो, येतात की’ असं तोंडदेखलं उत्तर आलं तर पुढे विचारा, मागच्या वेळी किती होते? आकडा सांगता येत नसेल तर ते जोडप्यांचं ठिकाण आहे. तिसरा प्रश्न जोडीदार बदलण्याच्या नाचांचा. प्रोग्रेसिव्ह बार्न डान्समध्ये काही बार झाले की जोडीदार पुढे सरकतो. पॉल जोन्समध्ये बायकांचं एक आणि पुरुषांचं एक अशी दोन रिंगणं उलट दिशांनी फिरतात, आणि संगीत थांबलं की जो समोर असेल त्याच्याशी नाचायचं. असा एक नाच पहिल्या तासात होत असेल तर तिथे डोळे मिटून जा. कुणाला काही न विचारता सहा-सात जणांशी ओळख होते.

बूट आधी बघा. हे माझ्या चुकीमुळे सांगते. अकरा वर्षं माळ्यावर पडलेले बूट मी पिशवीत घातले आणि तशीच गेले. दिसायला चांगले होते. दुसऱ्या नाचात डाव्या बुटाचा तळ पुढून उकलला आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजू लागला. इतक्या वर्षांत डिंक वाळून गेला होता. उरलेली दुपार मी नुसत्या मोज्यांत बसून काढली. म्हणून आठवडाभर आधी बूट काढा, घरात अर्धा तास घालून फिरा, तळ वाकवून बघा, टाचेच्या टोप्या बघा, पट्ट्याचं इलॅस्टिक ओढून बघा. तळ मऊ स्वेड कातड्याचा असेल तर तो जुना होऊन चकाकतो आणि घसरतो. तारेच्या छोट्या ब्रशनं एकाच दिशेनं घासला की पुन्हा खरखरीत होतो. ब्रश पिशवीत ठेवा, कारण चर्चच्या हॉलचं लाकूड एका तऱ्हेचं आणि शाळेच्या हॉलचं लिनोलियम दुसऱ्या तऱ्हेचं. हे बूट घालून रस्त्यावर जाऊ नका. ओल्या फरशीवरची चार पावलं तळाची वाट लावतात.

कपड्यांबद्दल आपल्या बायकांना थोडं वेगळं सांगावं लागतं. साडी नेसून वॉल्ट्झ करता येतो, मी केलाय, पण मागे जाणाऱ्या पायाला निऱ्या अडतात आणि समोरच्याचं पाऊल त्यांच्यावर पडतं. ओढणी शेजारून जाणाऱ्या कोटाच्या बटणात अडकते. पहिल्या दिवशी गुडघ्याखाली येणारा घेरदार स्कर्ट किंवा सैल पँट बरी. काचेच्या बांगड्या काढून ठेवा. समोरच्यानं तुमचा उजवा हात धरला की त्या मनगटाच्या हाडावर दाबल्या जातात आणि फुटण्याचीही भीती असते. लांब मंगळसूत्र ब्लाउजच्या आत ठेवा. आणि सकाळी फोडणी दिली असेल तर कोट स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत टांगा. तुमचं डोकं आणि समोरच्याचं नाक यांच्यात वीतभरच अंतर असतं. परफ्यूमचंही तेच, थोडकंच बरं. शाकाहारी असाल तर चहासोबतच्या सँडविचचं फोनवरच विचारून ठेवा. काकडीची आधी संपतात, अंड्याची उरतात.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पावलं परत येतात, पण विचारायची सवय मोडलेली असते. जोडीनं जायचो तेव्हा बारा वर्षांत मला कधी कुणाला विचारावंच लागलं नाही. संगीत सुरू झालं की आम्ही उठायचो. एकटी गेले त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या टेबलामागे, अंगात कोट, मांडीवर पर्स अशी चाळीस मिनिटं बसले होते. कुणी फिरकलं नाही. मला वाटलं, माझा रंग, माझं वय, माझं अनोळखीपण. पुढे ओळख झाल्यावर तिथल्या एका बाईंनी सांगितलं, ‘आम्हाला वाटलं तुम्ही कुणाला तरी न्यायला आलायत.’ अंगातला कोट बघून त्यांनी तसा अर्थ लावला होता. तेव्हा आत गेल्याबरोबर कोट टांगा, पर्स खुर्चीखाली ठेवा, नाचाचे बूट चढवा आणि फ्लोअरच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेवरची खुर्ची घ्या. बसण्याआधी शेजाऱ्याला विचारा, ही कुणाची आहे का? बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या खुर्च्या असतात, आणि तेवढ्या प्रश्नानं बोलणंही सुरू होतं.

बोलण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे, तिथे किंवा आपल्या कोणत्याही मंडळाच्या गणपतीला गेलात की पाच मिनिटांत कुणीतरी ‘तुम्ही कुठले?’ विचारतं आणि दहाव्या मिनिटाला तुमच्या आत्याच्या सासरची ओळख निघते. इंग्लिश टी डान्सला तुमचं आडनाव विचारायला सहा महिने लागू शकतात. तो परकेपणा समजू नका. त्याच माणसांनी तिसऱ्या आठवड्यात माझ्यासाठी शेजारची खुर्ची राखून ठेवली होती, नाव न विचारता.

विचारताना संगीत सुरू होऊ द्या. कोणता नाच आहे ते कळल्याशिवाय उठू नका. मग बसलेल्या माणसासमोर जा, नजरेला नजर द्या, हात किंचित पुढे करा आणि ‘वुड यू लाइक टु डान्स?’ एवढंच म्हणा. लांबलचक प्रस्तावना नको. बायकांनी पुरुषांना विचारणं आता अगदी रूढ आहे, आणि बायकांनी बायकांना विचारणंही. दुपारच्या नाचांना बायकाच जास्त असतात, त्यामुळे जिला नेता येतं तिला बसायला उसंत मिळत नाही. मी गेल्या दोन वर्षांत वॉल्ट्झ आणि सोशल फॉक्सट्रॉट नेता येण्यापुरता शिकून घेतला, आणि माझ्या मते एकट्या बाईनं स्वतःसाठी करावं असं हे सगळ्यांत चांगलं काम आहे. जोडप्यातल्या एकाला विचारायचं असेल तर आधी दुसऱ्याकडे बघून परवानगी घ्या, आणि नाच संपल्यावर त्याला किंवा तिला पुन्हा त्या खुर्चीपर्यंत सोडा.

नकार येईल. गुडघा दुखतोय, हा नाच येत नाही, कुणाला तरी कबूल केलंय. कारण खरं असो वा नसो, ‘पुन्हा कधीतरी’ म्हणून हसून वळा, आणि त्याच संगीतावर लगेच शेजारच्याला विचारू नका. एक नाच जाऊ द्या. तुम्ही स्वतः कुणाला नाही म्हणालात तर तो नाच बसूनच काढायचा, हा जुना आणि न्याय्य रिवाज आहे. पहिल्यांदा विचारायला सोशल फॉक्सट्रॉट किंवा वॉल्ट्झ निवडा. वॉल्ट्झ मिनिटाला तीसेक बार चालतो, व्हिएनीज वॉल्ट्झ त्याच्या दुपटीनं. अकरा वर्षांनी आलेल्या माणसानं व्हिएनीजला चहा प्यावा.

फ्लोअरवर पाऊल ठेवताना एकदाच सांगा, ‘मी बऱ्याच वर्षांनी येतेय.’ मग प्रत्येक चुकीला माफी मागत बसू नका. समोरच्याला दर वेळी धीर द्यावा लागला की तो दमतो. सगळे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. मधून आडवं जायचं नाही, कडेच्या वाटेवर थांबायचं नाही. अडलात तर आतल्या बाजूला सरका. जाइव्ह, रुंबा, चाचाचा जागच्या जागी होतात. समोरच्याची चूक त्याला सांगू नका, आणि तुम्हाला कुणी फ्लोअरवर शिकवायला लागलं तर नाच संपल्यावर आभार मानून पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जा. पहिल्या दिवशी दोन नाच करा आणि एक बसून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर भराभर वळताना चक्कर येऊ शकते, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

परक्या माणसाच्या इतकं जवळ उभं राहण्याचा संकोच आपल्यात खोल मुरलेला असतो. मंगळागौरीत फुगडीला हात धरतो ते आपल्या बायकांचे. इथे सत्तरीतले एक अनोळखी गृहस्थ तुमच्या पाठीवर हात ठेवतात. मला पहिल्या मिनिटात घाम फुटला होता. मला उपयोगी पडलं ते असं. समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे बघा, चेहऱ्याकडे नाही. तुमचा डावा हात त्याच्या दंडावर निर्जीव ठेवू नका, त्यात थोडा जोर असू द्या. त्या जोरानं दोघांमधलं अंतर तुमच्या हातात राहतं. कुणी फार जवळ ओढत असेल तर तोच हात ताठ करा, फ्रेम, म्हणजे दोघांच्या हातांची चौकट, रुंद होते आणि माणूस आपोआप मागे जातो. तरीही कळत नसेल तर नाच अर्धा सोडून ‘थँक यू’ म्हणा आणि खुर्चीकडे चला. त्यासाठी कुणाला कारण द्यावं लागत नाही. आयोजकांना मात्र सांगा, त्यांना ते माहीत असायला हवं. घरी सोडू का असं पहिल्याच दिवशी कुणी विचारलं तर नको म्हणा. हिवाळ्यात चारला अंधारतं, तेव्हा परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. दुपारी जायचं म्हणते त्याचं एक कारण हेही आहे.

घरच्यांचं काय, असं बरेच जण हळू आवाजात विचारतात. आमच्या घरी यांनीच मला पहिल्यांदा गाडीतून सोडलं. पण माझ्या ओळखीत एक बाई आहेत, त्यांचे पती वारल्यावर सात वर्षांनी त्या गेल्या, आणि भारतातल्या नणंदेचा फोन आला. त्यांनी तिला व्हिडिओ पाठवला, एका उजेडाच्या हॉलमध्ये पंधरा-वीस वयस्कर माणसं गोल फिरताना. त्यानंतर फोन आला नाही. लपवू नका एवढंच मी सांगीन.

ब्लॅकपूलला कधी जायचं, हा पुढचा प्रश्न असतो, कारण तिथली टॉवर बॉलरूम टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेली असते. पहिल्यांदा एकट्यानं तिथे जाऊ नका, असा माझा सल्ला आहे. आधी तीन-चार महिने आपल्या हॉलमध्ये काढा. टॉवरमध्ये लोक लांबून, बहुतेक जोडीनं किंवा गटानं येतात, आणि त्यांना नव्या माणसाला विचारायचं कारण नसतं. मग हॉलमधली दोन माणसं घेऊन अवश्य जा. फ्रँक मॅचमनं आखलेली ही बॉलरूम १८९९ मध्ये उघडली. १९५६ च्या आगीत होरपळली, आणि १९५८ मध्ये पुन्हा सुरू झाली. एकशे वीस फूट बाय एकशे दोन फूट फ्लोअर, त्यात महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या लाकडाचे ३०,६०२ ठोकळे. रंगमंचाच्या खालून वुर्लिट्झर ऑर्गन वाजतच वर येतो. रेजिनाल्ड डिक्सन हे १९३० ते १९७० या काळातले तिथले ऑर्गनवादक. एके काळी तिथे पुरुषानं बाईशिवाय नाचायचं नाही असा कडक नियम होता. आता दोन मैत्रिणी एकमेकींना धरून क्विकस्टेप करताना दिसतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. लंडनकरांनी क्रॉफ्टन पार्कची रिव्होली बघावी. १९१३ चं सिनेमागृह, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्याची बॉलरूम झाली. कार्यक्रम कोणता आहे ते बघून जा, सगळे बॉलरूमचे नसतात.

राहता राहिला शेवटचा वॉल्ट्झ. दुपारचा असो की रात्रीचा, कार्यक्रम बहुतेक वेळा त्यानंच संपतो, आणि तेव्हा जोडपी आपापल्या माणसाकडे परततात. एकट्याला त्या तीन मिनिटांत सगळ्यांत जास्त एकटं वाटतं. पहिल्या दिवशी मी त्याआधीच कोट घातला होता. तसं करू नका. शेवटून दुसऱ्या नाचालाच, एकट्या आलेल्यांपैकी कुणाला तरी विचारून ठेवा, ‘लास्ट वॉल्ट्झ माझ्याबरोबर कराल?’ ते माणूसही बहुधा त्याच विवंचनेत असतं. आणि दिवे पूर्ण लागल्यावर, बूट काढायच्या आधी, पुढची तारीख आयोजकांना विचारून डायरीत लिहा. घरी गेल्यावर तळ ब्रशनं घासा आणि बूट माळ्यावर न टाकता दाराजवळच्या कपाटात ठेवा.